मुंबईतल्या गाडीचं ऑइल, इंजिन आणि वॉरंटीची फाइल

मागच्या जूनमध्ये एका रात्री साडेनऊला चुलत भावाचा फोन आला. "दादा, गाडी जोगेश्वरीच्या पुलावर बंद पडलीय. आधी लाल दिवा लागला, मग खडखड सुरू झाली. आता चावी फिरवली की नुसतं टक् होतं."

"दिवा कुठे लागला होता?"

"अंधेरीला. म्हटलं गोरेगाव जवळच आहे, पोचू."

गाडी पावणेतीन वर्षांची, ३१,००० किलोमीटर झालेली, टर्बो पेट्रोल. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे मुदतीत. दहा हजारांची सर्व्हिस वेळेवर झालेली, वीस हजारांची राहून गेलेली. राहिली ती कामाच्या गडबडीत. मधे एकदा पेट्रोल पंपावर अर्धा लिटर ऑइल टाकून घेतलं होतं आणि त्यालाच तो ऑइल बदलणं समजत होता. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं २,७४,००० रुपयांचं, आणि त्याच कागदाच्या तळाला एक ओळ: देखभालीअभावी वॉरंटी लागू नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी त्याच्याबरोबर वर्कशॉपच्या फेऱ्या मारल्या. त्यातून जे कळलं आणि आधीपासून जे माहीत होतं, ते इथे क्रमाने लिहितो. आपण मुंबईकर गाडीच्या काचा रोज पुसून घेतो आणि बॉनेट वर्षातून एकदाही उघडत नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच.

आधी तास मोजा

गाडीसोबत मिळालेलं सर्व्हिसचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, बहुधा प्लास्टिकच्या पिशवीसकट, तसंच पडलेलं असतं. ते काढा. देखभालीच्या तक्त्यात ऑइलसमोर "१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" अशासारखी ओळ दिसेल. बहुतेक जण तिथे थांबतात. पान उलटा. बऱ्याच पुस्तकांत "कठीण परिस्थितीतील वापर" असा आणखी एक तक्ता असतो. त्यातली यादी वाचताना आपलीच दिनचर्या वाचल्यासारखं वाटतं: वारंवार थांबत-निघत चालणं, बराच वेळ जागेवर चालू इंजिन, लहान लहान फेऱ्या, धूळ, टॅक्सी म्हणून वापर. अशा गाडीला ऑइल बदलण्याचं अंतर कमी सांगितलेलं असतं, पुष्कळदा निम्मं.

हे निम्मं का, ते भावाच्याच गाडीवर काढून बघू. गोरेगाव ते लोअर परळ जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, त्याला रस्त्यावर लागतात अडीच तास. म्हणजे सरासरी वेग ताशी १८ किलोमीटरही नाही. या वेगाने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन सुमारे ५६८ तास चालतं. तेच १०,००० किलोमीटर कोल्हापूरकडे हायवेने ताशी ६० च्या सरासरीने केले तर १६७ तासांत होतात. मीटरवर आकडा तोच, पण ऑइलने साडेतीनपट ड्यूटी केलेली असते. भावाचं ऑइल २१,००० किलोमीटर, म्हणजे जवळपास १२०० तास त्या इंजिनात शिजत होतं.

तुमच्या गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग दिसत असेल तर तो बघा. वीसच्या खाली असेल तर कठीण तक्ता तुमचा. मी माझ्या गाडीचं ऑइल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने या हिशेबाने बदलतो. कंपनीच्या साध्या तक्त्यातली सर्व्हिस त्याखेरीज वेळेवर करतोच, कारण वॉरंटीची तारीख त्या तक्त्यावर चालते.

याउलट गाडी. सोसायटीत आठवडाभर झाकून ठेवलेली, रविवारी आईला घेऊन दादरला जाऊन येणारी, वर्षाला अडीच हजार किलोमीटर. "चालवलीच कुठे?" म्हणून तिचं ऑइल लोक दोन-दोन वर्षं बदलत नाहीत. थोड्या अंतरात इंजिन नीट तापत नाही, ज्वलनातून आलेलं पाणी आणि कच्चं पेट्रोल ऑइलमधून उडून जात नाही, ऑइल आम्लधर्मी होत जातं. "किंवा १ वर्ष" हे शब्द या गाडीसाठी आहेत.

ऑइल म्हणजे नुसतं वंगण नाही

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे धातूला धातू लागतच नाही. मधे ऑइलचा पापुद्रा असतो, केसाच्या जाडीहूनही पातळ. पंपाने दाब दिला तरच तो टिकतो. वंगणाखेरीज हेच ऑइल पिस्टन थंड करतं, काजळी आपल्यात धरून ठेवतं आणि गंज रोखतं. यासाठी त्यात रसायनं मिसळलेली असतात आणि ती वापरात खर्ची पडतात. म्हणून पंपावरचा अर्ध्या लिटरचा टॉप-अप म्हणजे नासक्या दुधात ताजं दूध ओतणं. पातळी वर येते, माल तोच राहतो.

रसायनं संपली की ऑइल घट्ट होतं आणि काळी खळ जमायला लागते. ती उतरते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात. तिथे पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. जाळी निम्मी बुजली तरी गाडी चालत राहते आणि दिवा लागत नाही. खरी गोची इथेच आहे. दाब आधी कमी होतो तो पंपापासून लांबच्या जागी, वर कॅमशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला, आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो, ऑइलच्याच पापुद्र्यावर. क्रँक आणि कॅम यांना जोडणाऱ्या टायमिंग चेनचा ताण धरणारा टेन्शनरही बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर काम करतो. सकाळी गाडी चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद पुढून साखळी हलवल्यासारखा आवाज येत असेल, तर ती पहिली चिठ्ठी समजा. भावाच्या गाडीला तो आवाज चार महिने येत होता. त्याला वाटलं, पंख्याचा असेल.

शेवटी बेअरिंगचा पापुद्रा तुटतो. धातू घासतो, तापतो, बेअरिंगचं कवच जागेवरून फिरतं आणि ऑइल येण्याचं भोक बंद करतं. "बेअरिंग वाजतंय" असं मेकॅनिक म्हणतो तो हा ठोक्यांचा आवाज. इथून इंजिन जाम व्हायला फार तर काही किलोमीटर. अंधेरी ते जोगेश्वरी पुरतं.

मुंबईत सीएनजीवाल्यांनी एक फसवणूक ओळखून ठेवावी. गॅसवर काजळी कमी होते, त्यामुळे सहा महिन्यांनीही ऑइल पट्टीवर, म्हणजे पातळी मोजायच्या डिपस्टिकवर, मधासारखं स्वच्छ दिसतं. उष्णतेने ते आतून थकलेलंच असतं. रंग बघून पुढे ढकलू नका. बीएस-६ डिझेलचं उलट. एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांच्या धुराच्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. आपल्या ट्रॅफिकमध्ये ही जाळणी अर्धवट तुटते आणि डिझेल झिरपून ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवरची पातळी वापरागणिक वाढताना दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ होतंय, ते बदलायला हवं.

पट्टी बघायची पद्धत

पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी सकाळी. गाडी सपाट जागी हवी. सोसायटीच्या उतारावर बघितलेलं खोटं. इंजिन चालवलेलं असेल तर बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. दोन खुणांच्या मधे हवं. खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच ग्रेडचं थोडं टाका आणि तारीख लिहून ठेवा. दोन महिन्यांत पुन्हा खाली गेलं तर इंजिन ऑइल खातंय किंवा गळतंय. वॉरंटीत असाल तर तेव्हाच तक्रार नोंदवा, इंजिन बसायची वाट बघू नका. वरच्या खुणेच्या वर गेलेलंही वाईट. क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाचा दाब बसत नाही. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट आहे. तशी गाडी चालवू नका.

कोणतं ऑइल

पुस्तकात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, दोन्ही जुळल्या पाहिजेत. एक घट्टपणाचा ग्रेड, जसं ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. दुसरं मानक, जसं एपीआय एसपी किंवा एसीईए सी३. "मुंबईत गरम असतं, जाड टाका साहेब" हा सल्ला कोपऱ्यावरचे जुने मेकॅनिक प्रेमाने देतात. जुन्या इंजिनांत तो चालून जायचा. आताच्या इंजिनांतली बारीक भोकं आणि कॅम पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणा पातळ ऑइलसाठी बनवलेल्या आहेत. शिवाय वॉरंटीच्या वादात चुकीचा ग्रेड म्हणजे कंपनीच्या हातात आयतं कोलीत. धुराचा फिल्टर असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइलच लागतं, नाहीतर तो फिल्टर बुजतो.

खरेदी अधिकृत वितरकाकडून, सीलबंद डब्यात, बिलासकट. ऑपेरा हाऊसच्या बाजारात चांगले जुने व्यापारी आहेत. पण बिल नको म्हटलं तर दोनशे कमी, असं कुणी सांगितलं की तिथून निघायचं. डब्यावर पडताळणीचा कोड असेल तर दुकानातच तपासा. ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडा. अख्खा डबा भंगारात गेला की भेसळवाल्यांकडे पोचू शकतो.

बदलताना समोर उभं राहायचं

वीस-तीस मिनिटांचं काम आहे. काचेच्या केबिनमध्ये कॉफी पीत बसू नका. काही ठिकाणी ग्राहकाला आत सोडत नाहीत. मग फोटो मागा, बहुतेक जण देतात.

इंजिन कोमट हवं, म्हणजे ऑइल पूर्ण उतरतं. फिल्टर ऑइलबरोबर बदललाच पाहिजे. जुना फिल्टर ठेवून नवं ऑइल भरणं म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालणं. खालच्या बोल्टचा वॉशर नवा. तो काही रुपयांचा असतो, पण त्यावरून पुढे महिनोन्महिने थेंब-थेंब गळती होते. भरायचं किती, ते पुस्तकात लिटरमध्ये दिलेलं असतं. छोट्या गाडीला साधारण साडेतीन लिटर लागतं, आणि चार लिटरचा डबा उघडला म्हणून चारही लिटर ओतायचं नसतं. उरलेलं डब्यासकट घरी न्या. भरल्यावर एक मिनिट इंजिन चालवून, बंद करून, थांबून पट्टी बघा.

"इंजिन फ्लश" नावाची बाटली बिलात घुसवली जाते. सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या इंजिनाला तिची गरज नाही. खळ धरलेल्या इंजिनाला ती धोक्याची, कारण सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो. दोन्हीकडून नकोच.

फाइल

इंजिनाला ऑइल लागतं, वॉरंटीला कागद लागतो. मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात उशिरा उमगलं. तुम्ही प्रामाणिकपणे पाच हजारांवर ऑइल बदलत असाल, पण कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये रोखीने, बिलाशिवाय, तर कंपनीच्या नजरेत तुम्ही आणि माझा भाऊ सारखेच.

बिलावर काय हवं: गाडीचा नंबर, तारीख, मीटरचं रीडिंग, ऑइलचं नाव, ग्रेड, लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर आणि गॅरेजचा जीएसटी क्रमांक. "सर्व्हिसिंग, ३८०० रुपये" एवढीच ओळ असलेलं बिल वादाच्या वेळी कामाचं नाही. बिल घेतलं की त्याच मिनिटाला मीटरचा आणि ऑइलच्या डब्याचा एकत्र फोटो काढा. सगळं एका मेलवर स्वतःलाच पाठवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते आणि पावसाळा तर काय, कपाटातल्या कागदालाही बुरशी आणतो. अधिकृत सेंटरमध्ये केलंत तरी कंपनीच्या अॅपवर नोंद चढली का ते आठवड्याने बघा. नोंद चढायची राहून गेल्याची उदाहरणं आमच्याच सोसायटीत दोन आहेत.

बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी जाते का? काउंटरवर ठाम "हो" ऐकू येतं. खरं उत्तर इतकं सरळ नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ वाहन कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड लावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला मुख्य मुद्दा. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असंही त्या आदेशात म्हटलं होतं. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. हा आदेश पत्रात उद्धृत करायला उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. माझा व्यवहारी सल्ला असा: वॉरंटी संपेपर्यंत तक्त्यातली प्रत्येक सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच, आणि मधलं जादा ऑइल हवं तर बाहेर, पण वरच्यासारख्या बिलासकट.

वॉरंटी वाढवून घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या वाचा. सर्व्हिसला किती दिवसांची आणि किती किलोमीटरची सवलत आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. सेकंड हँड गाडी घेताना पहिल्या मालकाची बिलं मागा. फाइल नसेल तर वॉरंटी शिल्लक आहे म्हणून गाडीची किंमत वाढवून देऊ नका.

सर्व्हिस चुकलीच असेल तर

आज हे वाचताना लक्षात आलं असेल की वर्ष उलटून गेलंय, तर उद्याच जा. मागची तारीख टाकून बिल करून देणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. गाडीचा कॉम्प्युटर मीटरचं रीडिंग नोंदवत असतो, आणि खोटं बिल उघड झालं की खऱ्या बिलांवरचाही विश्वास जातो. उशीर झाला तर झाला, बिलावर खरी तारीख राहू द्या.

ऑइल आणि फिल्टर बदला, मग २,००० किलोमीटरवर पुन्हा बदला. नव्या ऑइलमधली रसायनं जुनी खळ हळूहळू सोडवतात. ऑइल भरायच्या टोपीच्या आतून टॉर्च मारून बघा. काळं डांबर दिसत असेल तर चेंबर उतरवून जाळी साफ करायला सांगा. काही हजारांचं काम आहे, पण वेळेत केलं तर इंजिन वाचतं.

लाल दिवा

अल्लादिनच्या दिव्यासारखं ते चित्र. लाल रंगात, चालत्या गाडीत. त्याचा अर्थ ऑइल कमी आहे एवढाच नाही. आत्ता या क्षणी दाब नाही, असा आहे. डावीकडे घ्या, इंजिन बंद करा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मागून हॉर्नचा गदारोळ होईल, होऊ दे. धोक्याचे दिवे लावा, पट्टी बघा. पातळी ठीक असूनही दिवा लागला असेल तर पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा. टो करूनच न्या; गाडी गाडीवर चढवून नेणारा टेम्पो मागवा. तिथेच दिव्याचा आणि मीटरचा फोटो काढा. भावाने अंधेरीलाच बंद केली असती तर कदाचित टर्बो आणि जाळीवर निभावलं असतं. हे मी त्याला अजून बोलून दाखवलेलं नाही.

पिवळ्या दिव्याला थोडी सवड असते, तो बहुधा पातळीचा किंवा सर्व्हिसच्या आठवणीचा. आठवणीचा दिवा बटण दाबून विझवणं हा मात्र ऑइल बदलण्याचा प्रकार नव्हे.

वर्कशॉपच्या दारात

गाडी आत गेली की सर्व्हिस अॅडव्हायझर जॉब कार्ड पुढे करतो. सही करण्याआधी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कधी, कुठे, कोणता दिवा, कोणता आवाज. "इंजिन खराब" एवढंच लिहिलेलं चालणार नाही.

मग प्रश्न येतो इंजिन खोलण्याचा. भावाकडे त्यासाठी १८,००० रुपये आगाऊ मागितले. इथे लेखी विचारा: दोष वॉरंटीत बसला तर ही रक्कम परत मिळणार का, आणि नाही बसला तर जोडून द्यायचे किती घेणार? उत्तर मेलवर आल्याशिवाय होकार देऊ नका. आधी न खोलता होणाऱ्या तपासण्या करून घ्या. कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड, ऑइलचा दाब मीटर लावून, जुना फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का.

ऑइल काढताना हजर राहा. दोन स्वच्छ बाटल्यांत नमुना घ्या, दोन्हीवर तारीख, गाडीचा नंबर आणि दोघांच्या सह्या. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. हे ऐकून अॅडव्हायझर नाराज होतो. आमचाही झाला. "सर, एवढा अविश्वास?" मी म्हटलं, "तुमच्याही बाजूचा पुरावा आहे, ठेवा." खोलताना प्रत्येक भागाचे फोटो, आणि जुने भाग निकाल लागेपर्यंत फेकायचे नाहीत अशी लेखी सूचना.

नकार तोंडी ऐकून घेऊ नका. कारण आणि वॉरंटीचं कलम यांसह तो लेखी हवा. कारण वाचून स्वतःला विचारा: चुकलेल्या ऑइलचा या बिघाडाशी संबंध आहे का? खळ, घासलेली बेअरिंग, जळालेला टर्बो असेल तर आहे. इंजेक्टर अडकला, हेडला तडा गेला, पिस्टनचा तुकडा पडला आणि आतून इंजिन स्वच्छ निघालं, तर "ऑइल चुकलं" हे कारण तिथे का लागू होतं, ते त्यांना तांत्रिक अहवालात मांडायला सांगा.

कारण दोष कंपनीचाही असू शकतो. टोयोटाने २००२ मध्ये अमेरिकेत १९९७ ते २००२ च्या सुमारे ३३ लाख गाड्यांच्या इंजिनांना खळ धरल्याच्या तक्रारींवरून आठ वर्षांपर्यंत दुरुस्तीची हमी दिली. आधी दोष मालकांच्या देखभालीवर ढकलला जात होता, आणि या योजनेतही वाजवी देखभालीचा पुरावा मागितला गेला. ह्युंदाईच्या तिथल्या थीटा-२ इंजिनांत क्रँकशाफ्ट बनवतानाचे धातूचे कण राहिल्याने बेअरिंग जात होती. २०१५ पासून रिकॉल झाले, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनांचा रिकॉल काढला. त्यात तपासणीत पास झालेल्या गाड्यांना उपाय म्हणून जाड ग्रेडचं ऑइल दिलं. तेव्हा आपल्या गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या रकान्यात टाकून बघायला विसरू नका. भावाच्या गाडीचा नव्हता.

नकारानंतर

वर्कशॉप हे डीलरचं असतं, वॉरंटी कंपनीची. म्हणून पुढचं पत्र कंपनीच्या ग्राहक सेवेला, डीलरला प्रत. एक पान पुरे: घटनाक्रम तारखांसह, बिलांची यादी, मागणी काय आणि उत्तर किती दिवसांत हवं. संताप काढून टाका. कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरने गाडी प्रत्यक्ष बघावी असं मागा.

तुमची चूक असेल तर ती कबूल करून "गुडविल" मागा. हा हक्क नाही, मर्जी आहे, पण मिळते. बाकी सगळी नोंद स्वच्छ, पहिला मालक, मुदतीतली गाडी, एवढ्या भांडवलावर सुट्या भागांच्या खर्चात वाटा मागता येतो. आधी शंभर टक्क्यांसाठी भांडून मग इथे आलात तर समोरचा कडक झालेला असतो.

चूक तुमची नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिचा क्रमांक पुढे कामी येतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून याच कामात आहे, तिथे कागद दाखवून सल्ला घेता येतो. तेवढ्यावर भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच. शुल्क पाच लाखांपर्यंत शून्य, दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४०० रुपये. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तुमची सीलबंद बाटली आणि जपलेले भाग तेव्हा बाहेर काढायचे. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ धरून चला आणि तोवर गाडीचं काय करायचं ते आधी ठरवा.

पाण्यात गेलेली गाडी

हा वेगळा मामला आहे. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात इंजिनाने पाणी ओढलं तर ते वॉरंटीत येत नाही, आणि साध्या विम्यातही बहुधा नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं जोड कवच घ्यावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या गाड्यांची इंजिनं पाण्याने जितकी गेली, तितकीच पाणी ओसरल्यावर लोकांनी चावी फिरवल्याने गेली असतील. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चावीला हात लावू नका, बॅटरीची तार काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा.

भावाचं काय झालं? जाळी शेंगदाण्याच्या कुटासारख्या काळ्या गाळाने भरलेली निघाली, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. चूक मान्य करून पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी कंपनीने सुट्या भागांच्या २,१०,००० रुपयांपैकी ४० टक्के सोसायचं कबूल केलं. त्याने भरले १,९०,०००. नव्या हाफ इंजिनवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या अर्ध्या भागावर, वेगळी वॉरंटी आहे की जुन्याचीच उरलेली, हे त्याने बिलावर लिहून घेतलं. पहिलं ऑइल १,००० किलोमीटरवर बदललं, आणि त्या बिलाचा फोटो त्याने मला रात्री अकराला, न मागता पाठवला.